सगळेच एका माळेचे मणी नव्हेत

‘प्राध्यापकांचे शोधनिबंध म्हणजे बढतीचे कागद’ हे वाचकपत्र वाचले. ‘पैसे भरा, आठवड्यात छापतो’ म्हणणारी नियतकालिके आहेत, हे खरेच. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य यादीसाठी विद्यापीठांनीच सुचवलेल्या नियतकालिकांची झाडाझडती घेऊन त्यांतली बहुतेक सुमार असल्याचे २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकातून दाखवले ते कोणी? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्याच संशोधकांनी! (घरचा आहेर म्हणतात तो हाच.) त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे तिच्या जागी दर्जेदार नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता पारख संस्थांनीच करायची आहे. तेव्हा विद्यापीठांनी प्राध्यापकांच्या सत्काराच्या बातमीत निबंधांचे नुसते आकडे न देता त्यांत नवे काय सापडले, हे दोन ओळींत सांगावे, ही विनंती.

– एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा