विहाराची दरमहाची शीट आणि मॅक्रो



आपल्या वस्त्यांतील अनेक विहारांचा हिशेब वहीतून संगणकात गेला आहे. कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या मुलीने एक्सेलमध्ये शीट करून दिली की कमिटी निश्चिंत होते. पण पुढच्या महिन्याची शीट करताना जी गफलत होते, ती कधी कधी ३१ मार्चलाच उघडी पडते.

समजा, मार्चअखेर शिल्लक ६,५०० रुपये. एप्रिलमध्ये वर्गणी ६,००० जमा, जयंतीचा धरून खर्च ८,३००. एप्रिलअखेर राहिले ४,२००. एप्रिलच्या शीटमध्ये आरंभीची शिल्लक सूत्राने मार्चच्या शीटमधून घेतलेली असते. त्याच शीटची नक्कल करून तिला 'मे' नाव दिले, तरी सूत्र मार्चकडेच बोट दाखवते. म्हणजे मे महिना ६,५०० पासून सुरू, आणि पेटीत ४,२००. तेवीसशे रुपये कोणी खाल्ले? खजिनदाराने एक पैसाही घेतलेला नसतो. पण अशाच कुजबुजीतून चांगले कार्यकर्ते घरी बसतात आणि एका विहाराच्या दोन कमिट्या होतात.

यावर मॅक्रो हा चांगला उपाय आहे. मॅक्रो म्हणजे आपण एकदा केलेली कामे संगणकाने लक्षात ठेवून एका कळीसरशी पुन्हा करणे. त्यासाठी प्रोग्रॅमिंग शिकायची गरज नाही. कंट्रोल कळ दाबून 'एप्रिल' शीटचे नाव माऊसने बाजूला ओढा, नक्कल तयार होते. तिला 'मे' नाव द्या. नावात तिरकी रेघ चालत नाही. एवढे हातानेच करावे, कारण रेकॉर्डर शीटचे नाव पक्के धरून बसतो आणि जूनमध्येही एप्रिलचीच नक्कल काढतो. आता नव्या शीटवर उभे राहून 'व्ह्यू' मधील 'रेकॉर्ड मॅक्रो' सुरू करा. अखेरच्या शिल्लकेचा सेल कॉपी करून आरंभीच्या शिल्लकेत 'पेस्ट स्पेशल' मधून फक्त 'व्हॅल्यूज' टाका. त्यानंतरच जमा-खर्चाचे आकडे पुसा. क्रम उलटला तर शिल्लक चुकली म्हणून समजा. मग रेकॉर्डिंग थांबवून फाईल 'मॅक्रो एनेबल्ड' प्रकारात ठेवा, नाहीतर मॅक्रो राहत नाही.

काही जण म्हणतील, सूत्र का नको, आकडा का? कमिटीने मंजूर केलेला महिना मागाहून हलता कामा नये, म्हणून. एप्रिलची चूक मे महिन्यात स्वतंत्र नोंद करून दुरुस्त करावी. वहीतही आपण खोडरबर वापरत नव्हतो.

पुसायच्या ओळी सुरुवातीलाच जास्त धरा. आज ६० घरे असतील तर १०० ओळी. नाहीतर नव्याने आलेल्या घराची मागची वर्गणी तशीच राहते आणि न भरताच भरलेली दिसते.

मॅक्रो चालवल्यावर 'अनडू' होत नाही. जुन्या शीटवर चुकून चालवला तर महिनाच गेला. म्हणून आधी फाईलची एक प्रत पेनड्राईव्हमध्ये काढावी. आणि कोणी पाठवलेल्या अनोळखी फाईलमधला मॅक्रो कधीही सुरू करू नये. १९९९ चा मेलिसा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता.

ही पद्धत कमिटीतल्या किमान दोघांना यावी, त्यात एक महिला असावी. महिन्याची शीट छापून, पेटीतली रक्कम मोजून, दोघांच्या सह्यांनिशी विहाराच्या फलकावर लावावी. मेची आरंभीची शिल्लक एप्रिलच्या अखेरच्या शिल्लकेशी जुळते की नाही, हे मग वंदनेला येणारी कोणतीही आजी बोट ठेवून पाहू शकते.