गवत आधी, ससा नंतर

गेल्या वर्षी जुलैत दवाखान्यात एक ससा आला. बुटांच्या खोक्यातून आणलेला, पांढरा, सात महिन्यांचा, जेमतेम दोन किलोचा. दोन दिवस काही खाल्ले नव्हते. सोबत आई आणि दहा वर्षांची मुलगी होती, मुलीच्या मुठीत गाजराचा तुकडा. पोट चाचपले तर जठर मळलेल्या कणकेसारखे लागले. आतड्यांचा आवाज जवळजवळ नव्हताच. ओटोस्कोपने दाढा पाहिल्या तेव्हा खालच्या दाढांना जिभेच्या बाजूला टोके आलेली आणि जिभेच्या कडेला जखम दिसली.

"काय देता खायला?"

"सगळं देतो, डॉक्टर. कांडी खाद्य, गाजर, सकाळी पोळीचा तुकडा. गवतही आणलं होतं, पण त्याला ते आवडतच नाही."

गवताची पिशवी त्या बरोबर घेऊन आल्या होत्या. अर्ध्या किलोची पिशवी, विकत घेऊन तीन महिने झालेले आणि अजून निम्मी शिल्लक. आत हात घातला तर गवत दमट लागले. नाकाशी नेले तर कुबट वास आला. ससा तिसऱ्या दिवशी पहाटे गेला.

केसपेपरवर मी जी. आय. स्टॅसिस असे निदान लिहिले. ते बरोबरच होते, पण त्या पिशवीचा हिशेब अजून मनातून जात नाही. तीन महिन्यांत पाव किलो गवत, म्हणजे दिवसाला तीन ग्रॅमही नाही. दोन किलोच्या सशाला रोज खरोखर पोटात जाणारे ऐंशी ग्रॅम तरी वाळलेले गवत लागते. ससा बराचसा भाग ओढून खाली पाडतो, त्यावर बसतो, तो ओला करतो, म्हणून घालताना शंभर-एकशेदहा ग्रॅम धरावे लागते. महिन्याला सव्वातीन किलो आणि वर्षाला चाळीस किलो असा हा हिशेब आहे. दुकानातून सशाबरोबर दिली जाणारी अर्ध्या किलोची पिशवी पाचव्या दिवशी संपायला हवी. ती महिनाभर पुरली, तर पिंजऱ्यात दुखणे तयार होते आहे असे समजावे.

हे गणित त्या आईला कोणी सांगितले नव्हते. विकणाऱ्याने नाही, आणि दीड महिन्याचे पिल्लू घेऊन ती पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हा मीही नाही. मी वजन घेतले, कान पाहिले, माइट्सचे औषध दिले आणि 'गवत भरपूर द्या' म्हणालो. भरपूर म्हणजे किती, कोणते, कुठून आणायचे आणि पावसात कुठे ठेवायचे, यातले एक अक्षर बोललो नाही. या महिन्याचे संपादकीय त्यासाठी आहे.

आपल्यापैकी अनेकांनी ससा शिकला तो प्रयोगशाळेतला किंवा मांसासाठी पाळायचा प्राणी म्हणून. त्या सशाला थोड्या आठवड्यांत वजन धरायचे असते, त्यामुळे त्याची कांडी प्रथिनांवर आणि ऊर्जेवर बेतलेली असते. घरातला ससा आठ-दहा वर्षे जगायचा असतो. त्याचे सगळेच दात आयुष्यभर वाढतात. पटाशीचे दात तर आठवड्याला दोन मिलिमीटरच्या आसपास वाढतात. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासल्या जातात. कांडी खाताना तो वरखाली चालतो, दाणा फुटतो आणि काम संपते. आतड्यांचेही तसेच आहे. लांब, न पचणारा धागा पुढे ढकलत राहतो म्हणून आतडी चालती राहतात आणि सीकममधले जिवाणू आपल्या जागी राहतात. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे वाट अडली की तो जीव दोन्हीकडून अडकतो. हे आपण सगळे जाणतो. जाणूनही केसपेपरवर गवत लिहीत नाही, तक्रार तेवढीच आहे.

आता मुख्य प्रश्न, कोणते गवत? इंटरनेटवर वाचून आलेला मालक 'टिमोथी' हा शब्द घेऊनच येतो. टिमोथी चांगलेच आहे. ते थंड हवेचे गवत आहे आणि आपल्याकडे येते ते समुद्रापलीकडून, म्हणून महाग पडते. माल अडला की पंधरा-पंधरा दिवस मिळत नाही. मालक मग काटकसर करतो, आणि सशाच्या घरात काटकसर सगळ्यात आधी गवतावर येते, कारण कांडीने पोट भरलेले दिसते. माझे मत स्पष्ट आहे. जे गवत मालकाला बारा महिने हात न आखडता घालता येईल, ते चांगले गवत. महाराष्ट्रात असे गवत आहे.

आपल्या माळरानांवरचे मारवेल पाहा. बारीक कांडीचे, पानाळ, वाळले तरी मऊ राहणारे आणि वासाला गोड. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाणही दिले आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलोरा येताना कापले, दोन-तीन दिवस उलटून-पालटून वाळवले, तर हिरवट रंग टिकतो. पवन्यालाही हेच लागू. कापणी लांबली, बी झडले, की गवत पिवळे आणि राठ होते, प्रथिने उतरतात आणि ससा तोंड फिरवतो. 'आवडत नाही' म्हणतात ते बऱ्याचदा असले उशिरा कापलेले नाहीतर दमटलेले गवत असते. कुसळीचे गवत फुलोऱ्यानंतर मुळीच नको. तिची कुसळे हिरड्यांत, जिभेखाली आणि डोळ्यांत रुततात. रब्बीत देशावर ओट घेतात, तोही दाणा भरण्याआधी कापून वाळवला तर उत्तम. भाताचा पेंढा आणि गव्हाचे काड अंथरायला चालतील, त्यावर ससा जगवू नये. गणपतीत मिळणाऱ्या दूर्वा सशाला जीव की प्राण असतात. त्या धुऊन, थोड्या-थोड्या वाढवत द्याव्यात. रस्त्याकडेच्या मात्र आणू नयेत.

लसूणघासाबद्दल गोंधळ फार आहे. वाढत्या पिल्लाला ते हवे, कारण त्यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. नेमक्या त्याच कारणाने सहा-सात महिन्यांनंतर ते हळूहळू बंद करायला हवे. सशाचे आतडे कॅल्शियम गरजेपुरते न घेता मिळेल तितके शोषते आणि जादाचे लघवीवाटे टाकते. मूत्राशयात साचलेला तो पांढरा गाळ आपण एक्स-रेवर पाहतो. पिल्लाला पहिल्या दिवसापासून लसूणघासाबरोबर साधे गवतही पुढ्यात ठेवावे. नुसत्या लसूणघासावर वाढलेला ससा पुढे साध्या गवताला हुंगतसुद्धा नाही. ठेवायची तीही एक जात नको, दोन ठेवाव्यात. एक माल बाजारातून गेला तर दुसऱ्यावर निभते.

पावसाळा हा आपला खरा अडसर. साठवणीच्या गवतात ओलावा पंधरा टक्क्यांच्या आत हवा. कोकणपट्टीतल्या जुलैच्या हवेत कोरडे गवतही काही दिवसांत ओल ओढते, बुरशी धरते, आणि बुरशीच्या विषापुढे ससा फार नाजूक आहे. दवाखान्यात करता येईल अशी एक तपासणी सांगतो, शेतकऱ्यांच्या घरातली. तव्यावर भाजून कोरडे केलेले चमचाभर मीठ काचेच्या कोरड्या बरणीत घ्यायचे. त्यात बोटभर लांबीचे कापलेले मूठभर गवत घालून झाकण लावायचे आणि दोन-तीन मिनिटे हलवायचे. मीठ मोकळे राहिले तर गवत ठेवण्याजोगे. मीठ बरणीला चिकटले किंवा त्याचे खडे झाले तर नाही. मालकासमोर एकदा करून दाखवा, तो आयुष्यभर विसरत नाही. नुसते दमटलेले, वासाला स्वच्छ असलेले गवत पंख्याखाली पसरून वाळवता येते. कुबट वास आला किंवा झटकल्यावर धूळ उडाली की ते टाकायचे. उन्हात घालून परत वापरायचे नाही, कारण बुरशी वाळली तरी तिचे विष तसेच राहते.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांना एका सशाला तेरा-चौदा किलो गवत लागते. ते मे अखेरीस कोरडे विकत घेतलेले असावे. मुंबई-ठाण्याच्या वन बीएचकेमध्ये ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न रास्त आहे. घरात पंधरा दिवसांचेच ठेवावे, गोणपाटात किंवा सुती पिशवीत, जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर, हवा खेळेल असे. घट्ट बांधलेल्या प्लास्टिकमध्ये दमट गवताला घाम सुटतो. बाकीचा साठा चार-पाच कुटुंबांनी मिळून गावाकडे एखाद्या कोरड्या खोलीत ठेवावा, नाहीतर वखारवाल्याशी आधीच बोलून ठेवावे. काही दवाखान्यांनी एखादे कपाट यासाठी मोकळे केले तर मला आनंद होईल.

बाकीचे थोडक्यात. मोठ्या सशाला कांडी किलोमागे दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅमच्या वर नको. पुडा महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढाच घ्यावा. पाल्यात कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला चालतो. पालक-माठ अधूनमधून. गाजर म्हणजे खाऊ, बोटाच्या पेराएवढा. पोळी, बिस्किट, भात, डाळी बंद. पाणी जड वाडग्यात. नव्या सशाला आधीच्या घरचे किंवा दुकानातले खाद्य आठवडाभर तसेच चालू ठेवून मग सात ते दहा दिवसांत बदल करावा. आल्या दिवशीच सगळे बदलल्याने हगवण लागलेली पिल्ले आपण दर महिन्याला पाहतो.

लेंडी पाहायला मालकाला शिकवा. गवतावरच्या सशाची लेंडी मोठी, फिकट, बोटांत चुरली तर आत भुसा दिसतो. लहान, काळपट, वेडीवाकडी लेंडी म्हणजे गवत कमी पडले. आणि बारा तास तोंडाला काही लावले नाही तर सकाळची वाट न पाहता ससा दवाखान्यात यायला हवा, हे केसपेपरवर ठळक लिहा.

माझ्या दवाखान्यात आता सशासाठी वेगळा कागद आहे. वजन, रोजचे गवत ग्रॅममध्ये, महिन्याचे किलोमध्ये, गवताच्या दोन जाती, मिळण्याची दोन ठिकाणे, पावसाळ्याचा साठा. 'ससा घ्यायचा विचार आहे' असा फोन आला की तो कागद आधी पाठवतो आणि पहिली पाच किलो घरात येऊ द्या म्हणतो. काही जण त्यानंतर ससा घेत नाहीत. तेही योग्यच होते असे मी मानतो.

या कागदावरची 'मिळण्याची ठिकाणे' ही ओळ मला एकट्याला भरता येत नाही. तुमच्या तालुक्यात फुलोऱ्यात कापलेले मारवेल, पवन्या किंवा ओट कोण विकतो, पाच-दहा किलोची पेंढी देतो का, कोणत्या महिन्यात काय भाव असतो, हे आम्हाला कळवा. विकणाऱ्याची परवानगी घेऊन आणि शक्य असल्यास मिठाची तपासणी करून कळवा. जिल्हावार यादी आपण दिवाळी अंकात छापू. मारवेलची कापणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते, तेव्हा पत्रे त्याआधी यावीत.