पद्मिनीला पट्टे बसवा, तिचा गिअर मात्र राहू द्या

माझ्या वडिलांच्या १९८४ च्या प्रीमियर पद्मिनीला मी पुढच्या सीटचे पट्टे बसवले, तेव्हा जुन्या गाड्यांची हौस असलेल्या एका परिचितांना ते अजिबात आवडलं नाही. ‘मूळ रूप बिघडवलंत,’ म्हणाले. मूळ रूप टिकावं म्हणूनच तर मी निवृत्तीनंतरच्या सगळ्या दुपारी या गाडीखाली घालवते आहे. पण त्या सीटवर माझी माणसं बसणार आहेत, आणि पट्टा नसलेल्या सीटवर मी त्यांना बसवणार नाही.

मुंबईतली शेवटची अधिकृत पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. केवढी हळहळ झाली त्या वेळी! कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० म्हणून सुरू झालेली, पुढे पद्मिनी झालेली ही गाडी आपल्या दोन पिढ्यांनी लग्नाला, देवदर्शनाला, दवाखान्यात नेली. ती हळहळ मला खरी वाटते. म्हणूनच सोसायट्यांच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली सडणाऱ्या खासगी पद्मिनी पाहिल्या की जीव तुटतो. त्या वाचवता येतात, आणि घरी वाचवता येतात.

काम मात्र तळापासून सुरू करायला हवं. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दाराखालच्या पट्टीत, मॅटखालच्या तळाला किंवा बॅटरीच्या खाली गंज लागला तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीची ताकदच जाते. अनेक जण तिथे लांबी भरून वर चकचकीत रंग मारतात. आमच्या पत्राकाम करणाऱ्या मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकून पाहिला आणि म्हणाले, ‘ताई, वरनं रंग मारून काय उपयोग न्हाई. आधी हे कापूया.’ कुजका पत्रा कापून, त्याच जाडीचा नवा पत्रा सीओटू वेल्डिंगने जोडून, आतल्या पोकळीत गंजरोधक सोडल्यावरच आम्ही रंगाचं नाव काढलं. पट्ट्यांचे बोल्टसुद्धा नुसत्या पत्र्याला भोक पाडून लावायचे नसतात. मागून जाड लोखंडी पट्टी द्यावी लागते, नाहीतर धक्का बसला की पट्टा पत्र्यासकट उपटून येईल.

ब्रेक हा माझ्या लेखी सगळ्यांत मोठा विषय. चारही चाकांना ड्रम, आणि माझ्या गाडीत चारही चाकांचं ब्रेक ऑइल मास्टर सिलिंडरच्या एकाच कप्प्यातून जाणारं. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. आज कोणतीही नवी मोटार अशी बनत नाही. म्हणून आम्ही दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर घालून पुढच्या-मागच्या नळ्या वेगळ्या करतो आहोत. ड्रम लेथवर साफ करून घेतले, लायनिंग नवीन लावलं. घरी हे काम करणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं: जुन्या लायनिंगच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका.

दिव्यांचं तसंच. माझ्या गाडीतला डायनॅमो सिग्नलला गाडी थांबली की पुरेशी वीज देत नसे, हेडलाइट मंदावत. रात्री घाटात हे धोक्याचं आहे. अल्टरनेटर बसवला, हेडलाइटच्या वायरिंगला रिले घातले, आणि जुन्याच गोल दिव्यांतून रस्ता नीट दिसू लागला. बाहेरून पाहणाऱ्याला बदल कळतही नाही. पेट्रोलच्या नळ्या आणि गाडीतल्या इंधनपंपाचा पडदाही बदलावा लागला, कारण पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. इथेनॉलला माझा विरोध नाही. पण जुन्या गाडीवाल्यांना नळ्या बदला असं पंपावर कोणी सांगत नाही.

आता काय बदलायचं नाही ते. १०८९ सीसीचं इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं टाकायचं नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर काढून खाली आणायचा नाही. अलॉय व्हील्स नकोत, डॅशबोर्डवर टीव्हीसारखा पडदा तर नकोच नको. दांड्यावर हाताने पडणारा तो चौथा गिअर, त्या पुढच्या सलग सीटवर तिघांची दाटी, यातच ती गाडी आहे. जीव वाचवणारी वस्तू नवी असावी. गाडीची ओळख असलेली वस्तू जुनीच राहावी. मला ही सीमारेषा अगदी स्पष्ट दिसते.

सरकारी नियमांत मात्र ती दिसत नाही. २०२१ च्या विंटेज नियमांमध्ये ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना वेगळी नोंदणी मिळते, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर नेता येत नाही. त्याहून कमी वयाच्या आमच्यासारख्या गाड्यांना दर ५ वर्षांनी फेरनोंदणी. तिचं शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारींना १०,००० आहे. तेही मी भरीन. अडचण दुसरीच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते बंधन कडकपणे लावलं. ते योग्यच आहे, कारण रस्त्यावर काय काय जोडकाम फिरतं ते आपण पाहतो. पण मूळ गाडीत नसलेला पट्टा किंवा दोन कप्प्यांचा ब्रेक हा ‘बदल’ धरायचा की सुधारणा, हे तपासणीच्या दिवशी समोरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहू नये.

माझी परिवहन विभागाकडे एवढीच मागणी आहे. जुन्या मोटारींमध्ये करायला मुभा असलेल्या सुरक्षा-सुधारणांची एक यादी मराठीत जाहीर करा: सीटचे पट्टे, दोन भागांचे ब्रेक, रिलेसह दिवे, अल्टरनेटर, रेडियल टायर, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या. त्या कशा बसवाव्यात याचं माप द्या, आणि तपासणीला आलेल्या गाडीत त्या नीट बसवल्या आहेत का, हे गाडी वर उचलून बघा. तेवढ्या कडक तपासणीला मी माझी पद्मिनी आनंदाने आणीन.