शब्द शिकवा, पण त्याच्या गोतावळ्यासकट

जयपुरात जवाहरलाल नेहरू मार्गावर ‘शिक्षा संकुल’ आहे. राजस्थानच्या शिक्षण खात्याची कार्यालयं तिथे आहेत. बदली होऊन आलेला मराठी माणूस पाटी वाचून थबकतो, कारण आपल्याकडे शिक्षा होते ती गुन्हेगाराला. घरी येऊन तो मुलांना सांगतो, ‘हिंदीवाले हा शब्द चुकीचा वापरतात.’ जयपुरातल्या मराठी आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे, मुलांना असं सांगू नका.

मूळ संस्कृत धातू ‘शिक्ष्’, म्हणजे शिकणं. मराठीत शिकण्या-शिकवण्याचा कारभार ‘शिक्षण’ने सांभाळला आणि ‘शिक्षा’च्या वाट्याला वळण लावण्यासाठी केलेला दंड आला. हिंदीत दंडासाठी ‘सज़ा’ होतीच, त्यामुळे ‘शिक्षा’ विद्येकडेच राहिली. शेजारच्या शब्दाने किती जागा अडवली आहे, त्यावर शब्दाचा अर्थ ठरतो.

मुलाला उलट शब्द विचारून पाहा. मराठी शिक्षेच्या उलट बक्षीस. हिंदी शिक्षेच्या उलट अशिक्षा. एवढ्याने मुलाला फरक कळतो, व्याख्या पाठ करावी लागत नाही.

एक शब्द सरकला की शेजारचेही सरकतात. हिंदीत ‘संविधान संशोधन’ म्हणजे आपली घटनादुरुस्ती. मग आपल्या संशोधनाला हिंदीत काय म्हणायचं? ‘शोध’ किंवा ‘अनुसंधान’. पण मराठीत शोध लावतात तो नव्या गोष्टीचा. हिंदीत त्याला ‘खोज’ म्हणतात, नवं यंत्र असेल तर ‘आविष्कार’. आणि मराठीत आविष्कार कलेचा, भावनेचा. हिंदीत तिथे ‘अभिव्यक्ति’. ही साखळी सातवी-आठवीच्या मुलासोबत कागदावर काढा. दोन्ही भाषा त्याला एकदम उमगतील, आणि दोहोंपैकी एकीचीही लाज वाटणार नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. परप्रांतात वाढणारी मुलं घरची भाषा सोडतात, त्यामागे पुष्कळदा आपण चुकतो ही भीती असते.

मोठ्यांनाही हे जपायला हवं. जागेच्या व्यवहाराच्या जाहीर सूचनेत ‘आपत्ति’ मागवलेल्या असतात, म्हणजे हरकती. आपली आपत्ती वेगळी. शिवाय हिंदीत ‘हरकत’ म्हणजे कृती, बहुधा न शोभणारी. अशी सूचना अंदाजाने वाचू नका. मुदत निघून गेली तर नुकसान तुमचंच.

आणि शेजारणीने तुमच्या लेकीला ‘बाईसा’ म्हटलं तर बिचकू नका. राजस्थानीत लेकी-बहिणींना मानाने, मायेने तसं म्हणतात.

शब्दकोशात शब्द अकारविल्हे लावलेले असतात, त्यामुळे ही नाती पटकन दिसत नाहीत. आयआयटी मुंबईत ‘मराठी शब्दबंध’ आणि ‘हिंदी शब्दतंत्र’ तयार झाले आहेत. त्यांत शब्द अर्थाच्या नात्यांनी जोडलेले आहेत: समान कोण, विरुद्ध कोण, कोण कशाचा प्रकार, कोण कशाचा भाग. येत्या रविवारी मुलांना घेऊन बसा. दोन्हीकडे ‘शोध’ हा शब्द काढा आणि त्याचे सोबती मुलांना मोठ्याने वाचायला सांगा.