गोड पाणी आणि त्याची परीक्षा

बिदर जांभ्याच्या पठारावर वसले आहे. पावसाचे पाणी या सच्छिद्र लाल दगडात मुरते, खालच्या चिकण थरावर अडते आणि पठाराच्या कडेला झरा होऊन बाहेर येते. गुरू नानक झिरा, नरसिंह झिरा, पापनाश ही ठिकाणे या पाण्यावरच उभी आहेत. पंधराव्या शतकात, बहमनी काळात, नौबादच्या कारेझने हेच भूजल भुयारातून खेळवले. आज त्याच शहरात वीस लिटरचे जार दारोदार जातात. प्यावे कोणते?

झऱ्याची बाजू घेणारे चवीचा दाखला देतात. इथले पाणी खारट असताना गुरू नानकांच्या स्पर्शाने गोड पाण्याचा झरा फुटला, अशी श्रद्धा आहे. भूशास्त्रही गोडीला दुजोरा देते: जांभ्यातून हजारो पावसाळ्यांत क्षार धुऊन गेलेले असतात, म्हणून त्यातले पाणी सहसा हलके असते. मात्र झऱ्याचे पाणी म्हणजे खनिजांचा खजिना, हा समज त्यामुळेच सैल पडतो. कॅल्शियम-मॅग्नेशियम अधिक सापडते ते काळ्या पाषाणातल्या बोअरच्या जड पाण्यात, किंवा शहाबाद-सेडमच्या चुनखडीच्या पट्ट्यात. कलबुर्गीची नामांकित तूरडाळ या जड पाण्यात लवकर शिजत नाही, हे तिथल्या कोणत्याही घरात कळते.

जार घेणाऱ्यांचेही म्हणणे रास्त आहे. जांभा पाणी जसे मुरवतो तसे वरच्या वस्तीचे सांडपाणीही मुरवतो. जंतू आणि नायट्रेट जिभेला कळत नाहीत. जिथे फ्लोराइड प्रतिलिटर दीड मिलिग्रॅमच्या वर आहे, तिथे आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) शुद्धीकरण ही गरज आहे. दुसरीकडे, घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यासाठी बहुधा दोन-तीन लिटर वाया घालवतो, आणि दुष्काळी पट्ट्यात हा हिशेब महाग पडतो. शिवाय ज्याला सर्रास ‘मिनरल वॉटर’ म्हणतात, त्यातली बरीचशी खनिजे आरओने काढलेलीच असतात. नैसर्गिक खनिजजलासाठी आयएस १३४२८ हे वेगळे मानक आहे आणि त्यात मूळ खनिजांचे प्रमाण बदलता येत नाही. साध्या बाटलीबंद पाण्याचे मानक आयएस १४५४३ आहे.

दोन्ही पारडी तोलून आमचा कल झऱ्याकडे झुकतो, पण अटीवर. श्रद्धा पाण्याला मान देते. ते पिण्याजोगे आहे की नाही, हे तपासणीच सांगते. पावसाळ्याआधी आणि नंतर प्रत्येक झऱ्याची व सार्वजनिक बोअरची चाचणी व्हावी, एकूण क्षार, जडपणा, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू यांचे आकडे तिथेच फलकावर मराठी-कन्नडमध्ये लागावेत. आकडे नियमात बसत असतील तर जारची गरज नाही. बसत नसतील तर संकोच न करता आरओ घ्यावा. आणि पठारावरचे बांधकाम व सांडपाणी आवरावे, कारण खाली येणारे पाणी आधी वरच मुरते.