फ्रेंचचा पहिला धडा मराठीतून व्हावा

फ्रेंच शिकू लागलेली मुले पहिल्या काही आठवड्यांतच स्वतःच्या वस्तूंचे वर्णन करू लागतात. वही, पट्टी, छत्री, घड्याळ. मग त्यांचे रंग, आकार, नवेजुनेपण. महाराष्ट्रात हा धडा बहुधा इंग्रजीतून शिकवला जातो आणि मराठी मुलाचे नुकसान तिथेच होते. इंग्रजीत ‘ब्लॅक’ कशाहीपुढे ‘ब्लॅक’च राहते. त्यामुळे नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलते, हा नियम फळ्यावर एखाद्या परक्या, अवघड प्रकरणासारखा येतो. वास्तविक ते मूल शाळेत जाण्याआधीपासून ‘काळा डबा, काळी छत्री, काळं दप्तर’ असे अचूक बोलत असते.

बॅग फाटली, शर्ट मळला, टेबल हललं. बाहेरून आलेल्या शब्दांनाही मराठीने लिंग दिले आणि ते कोणी घोकून घेतले नाही. मराठीत लिंगे तीन, फ्रेंचमध्ये दोनच. ‘लाल’ जसा मराठीत बदलत नाही, तसा फ्रेंचमध्ये तपकिरी रंगाचा ‘मारों’ बदलत नाही. ‘माझा-माझी’ही वस्तूकडे पाहूनच ठरते: माझी किल्ली ‘मा क्ले’, पण माझी वही ‘मों काये’, कारण फ्रेंचमध्ये वही पुल्लिंगी आहे. कोणत्या वस्तूचे लिंग कोणते, हे पाठ करावेच लागते. जुळवून बोलण्याची सवय मात्र मुलाकडे तयार असते, आणि ती न वापरणारा शिक्षक वर्गाचा वेळ वाया घालवतो.

दुसरी अडचण कानाची आहे. लेखी गुणांवर डोळा ठेवला की नियम एवढाच उरतो: स्त्रीलिंगी करायचे तर शेवटी ‘ई’ हे अक्षर जोडा. पण बोलताना ते अक्षर ऐकूच येत नाही. ऐकू येते ते त्याआधीचे, एरवी मुके राहणारे व्यंजन. हिरवा ‘व्हेर’, हिरवी ‘व्हेर्त’. करडा ‘ग्री’, करडी ‘ग्रीझ’. पांढरा ‘ब्लाँ’, पांढरी ‘ब्लाँश’. म्हणून स्त्रीलिंगी रूप आधी शिकवावे आणि शेवटचे व्यंजन गाळून पुल्लिंगी रूप काढायला सांगावे. ‘न्वार’, म्हणजे काळा किंवा काळी, अशा शब्दांत उच्चार एकच आणि फरक फक्त लिहिण्यात. ते नंतर घेता येतात.

मुळाक्षरांबाबत तर इंग्रजी सरळ दिशाभूल करते. अक्षरे तीच 26, पण नावे वेगळी. इंग्रजीतल्या ‘जे’ला फ्रेंचमध्ये ‘झी’ म्हणतात आणि ‘जी’ला ‘झे’. एच म्हणजे ‘आश’, आणि ‘ई’ असे म्हटले की फ्रेंच माणूस ‘आय’ हे अक्षर लिहितो. पॅरिसच्या विमानतळावर हरवलेल्या बॅगेची तक्रार देताना एखाद्या जोशींनी आडनावाचे स्पेलिंग इंग्रजी वळणाने सांगितले, तर कागदावर ‘गोशी’ उतरण्याची भीती आहे. पहिल्या पायरीच्या डेल्फ ए-वन परीक्षेतही नावाचे स्पेलिंग तोंडी विचारले जाऊ शकते. त्यामुळे मुळाक्षरे गाण्यात म्हणवून घेणे पुरेसे नाही. मुलांना स्वतःची आडनावे, गावांची नावे अक्षर-अक्षर सांगायला लावली पाहिजेत.

मराठी जिथे कामी येत नाही, ती जागा शब्दांच्या क्रमाची. मराठीत विशेषण नामाआधी येते. फ्रेंचमध्ये रंग आणि आकार नामानंतर येतात. लहान-मोठा, नवा-जुना, सुंदर असे नेहमीचे काही शब्द मात्र आधी. जुळवणीवरचा वाचलेला वेळ इथे द्यावा. लहान लाल पाऊच म्हणजे ‘यून पतीत त्रूस रूझ’: लहान आधी, मग पाऊच, आणि लाल शेवटी. दप्तरातली एकेक वस्तू बाकावर काढून, हातात धरून, अशी वाक्ये मोठ्याने बोलून घेतली तर वर्गातले शेवटच्या बाकावरचे मूलही हा क्रम पकडेल.