किल्ल्या कधी द्यायच्या?



माझं माहेर नाशिकचं. लहानपणी शरणपूर रोडवरून शेकडो वेळा गेले असेन, पण तिथे कोणाला शरण मिळाली होती, हा प्रश्न कधी पडला नाही. उत्तर मिळालं ते पन्नाशीत, आफ्रिकेतल्या ख्रिस्ती मिशनांविषयी वाचत असताना.

१८५४ मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस या इंग्रज पाद्र्याने शरणपूरची वस्ती वसवली. त्या काळात आफ्रिकेतून पळवलेली मुलं गुलाम म्हणून गलबतांतून नेली जात. ब्रिटिश आरमाराने सोडवलेल्या अशा मुलांपैकी काही मुंबईत उतरत आणि तिथून शरणपूरला येत. तिथे ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. पुढे आफ्रिकेत परतल्यावरही लोक त्यांना ‘नाशिकची मुलं’च म्हणत.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये प्रवासी-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा चुमा, सुसी आणि इतर आफ्रिकी सोबत्यांनी त्याचं काळीज तिथेच पुरलं आणि देह शेकडो मैल वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणला. पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने, झाडावर नाव कोरलं तेही त्यानेच. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्यांत तो होता. देह परत न्यायचा, हे त्यांना कोणा गोऱ्या माणसाने सांगितलं नव्हतं. निर्णय त्यांचे त्यांनीच घेतले.

त्याच थडग्यापाशी पुढे एका तरुणाने आफ्रिकेत परत जायचा निश्चय केला, असं सांगतात. त्याचं नाव पीटर कॅमेरॉन स्कॉट. त्याचा भाऊ जॉन काँगोत वारला होता आणि पीटरने त्याला स्वतःच्या हातांनी पुरलं होतं. १८९५ मध्ये त्याने फिलाडेल्फियात ‘आफ्रिका इनलँड मिशन’ सुरू केलं आणि आठ जणांची तुकडी घेऊन आजच्या केनियात गेला. त्यात त्याची बहीण मार्गारेट होती. पुढच्या वर्षी आईवडील आणि धाकटी बहीणही आली. वर्षभरात न्झाउई, साकाई, किलुंगू आणि कांगुंडो अशी चार ठाणी उभी राहिली. डिसेंबर १८९६ मध्ये पीटर तापाने गेला. १८९९ पर्यंत मिशनचा एकच माणूस तिथे उरला होता.

दुसऱ्याचा धर्म बदलायला समुद्र ओलांडावा, हे मला पटत नाही, ते आधीच सांगून टाकते. पण दोन मुलगे आफ्रिकेच्या मातीत गेलेल्या त्या आईला मी नावं ठेवू शकत नाही. तिच्या त्यागाविषयी शंका नाही. माझा प्रश्न त्यानंतरच्या कारभाराविषयी आहे.

त्यासाठी जरा स्वयंपाकघरात येते. माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर आठवडाभरातच मला या घरचं सगळं शिकवायला सुरुवात केली. पुरणाचा घाट, पापडाचं पीठ, साठवणीची डाळ, काही हातचं राखलं नाही. पण कोठीच्या कपाटाची किल्ली मला मिळाली अकरा वर्षांनी. तोवर पाहुणे आले की वाटीभर तुपासाठीही मी हाक मारायची. त्या वाईट नव्हत्या. ‘तिला अजून जमायचं नाही,’ असं त्यांना खरंच वाटायचं.

मिशनचंही तसंच झालं. चार्ल्स हर्लबर्ट या पुढच्या प्रमुखाने १९०३ मध्ये मुख्य ठाणं किजाबेला हलवलं. १९०६ मध्ये तिथे मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. स्थानिकांसाठी बायबल शिकवणारे छोटे वर्ग होते, पण माचाकोसला धर्मशास्त्राचं मोठं कॉलेज सुरू व्हायला १९६२ साल उजाडलं. त्याला नाव दिलं स्कॉटचंच. मालमत्ता आणि कारभार तिथल्या ‘आफ्रिका इनलँड चर्च’च्या हाती गेला तो १९७१ मध्ये, म्हणजे ७६ वर्षांनी.

मधल्या काळात काय झालं तेही पाहा. १९२९ मध्ये किकुयू भागातल्या मिशनांनी मुलींच्या सुंतेविरुद्ध आपल्या सभासदांकडून शपथ मागितली. ही प्रथा क्रूर आहे आणि मिशनचं म्हणणं योग्य होतं, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. तरीही हजारो लोक मिशन सोडून गेले, त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या आणि मुलींचा प्रश्न बाजूला पडून भांडण ‘तुम्ही कोण सांगणारे’ यावर आलं. हीच गोष्ट त्यांच्यातल्याच आयांनी आणि वडीलधाऱ्यांनी, त्यांना पटल्यावर, आपल्या तोंडाने सांगितली असती, तर? निदान वाद मुलींच्या हिताचा तरी राहिला असता.

कोणी म्हणेल, शिकून तयार व्हायला वेळ लागतोच. लागतो, पण तयार झालेल्यांनाही थांबवलं जातं. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघेही नाशिकला शिकलेले. १८६४ मध्ये ते बायकांसह मोंबासाजवळच्या राबईला कामाला गेले. त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली १८८५ मध्ये. एकवीस वर्षं! आणि याच दरम्यान जेकब आणि त्याचे सोबती लिव्हिंग्स्टनचा देह घेऊन समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचले होते.

आजही एखादं परदेशी कुटुंब आफ्रिकेत जाऊन तिथल्या पाद्र्यांना शिकवण्यासाठी संस्था काढतं. त्यांचा हेतू चांगला असेल. मी त्यांना तीनच गोष्टी विचारीन. पैशांच्या चेकवर सही कोणाची? काय शिकवायचं ते ठरवतं कोण? आणि तिथला माणूस ‘हे आम्हाला नको’ म्हणाला, तर त्याची नोकरी राहते का? ही उत्तरं स्थानिकांच्या बाजूने येत नसतील, तर तिथे पुढारी तयार होत नाहीत, मदतनीस तयार होतात. हाताखाली चांगली माणसं असली की आपल्याला बरं वाटतं, आणि तिथेच घोडं अडतं.

माझ्या मते घराने उभ्या केलेल्या कोणत्याही संस्थेने पहिल्याच दिवशी निघायची तारीख लिहून ठेवावी. ती थोडी पुढे-मागे झाली तरी चालेल, पण लिहिलेली हवी. ‘ते तयार झाले की देऊ’ असं म्हटलं की तयार कोण हे आपणच ठरवत राहतो.

हे लिहिताना मला आमच्या महिला मंडळाची हिशेबाची वही दिसते आहे. बारा वर्षं ती माझ्या कपाटात आहे. मंडळातली एक मुलगी बँकेत काम करते, तिने दोनदा विचारलं, “काकू, मी बघू का?” दोन्ही वेळा मी म्हटलं, “अगं, तुला अजून सगळं माहीत नाही.” सासूबाईंचंच वाक्य, माझ्या तोंडून!

येत्या रविवारी वही तिच्याकडे देते आहे, आणि बँकेतली सहीसुद्धा. तुमच्या कपाटात कोणती किल्ली अडकून पडली आहे, ते मला जरूर कळवा.